विचाराला धरून सणवार: पहिल्या वर्षाचं नियोजन

एखाद्या रविवारी दुपारी कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात घरात झालेले सण एकाखाली एक लिहा. संक्रांत, होळी, पाडवा, वटपौर्णिमा, नागपंचमी, गौरी-गणपती, दसरा, दिवाळी. प्रत्येकासमोर पाच रकाने आखा: स्वयंपाक कुणी केला, पैसे कुणी घातले, कुणाला बोलावलं नाही (किंवा बोलावून मागे बसवलं), काय जाळलं-बुडवलं-फेकलं, आणि आवाज किती झाला. रकाने भरताना कुणाशी वाद घालू नका, नुसतं लिहा.

समता, विवेक, पर्यावरण, संविधान हे शब्द ज्यांना मनापासून पटलेत, पण घरात सासूबाई आहेत, सोसायटीत व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि गावी भावकी आहे, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. सण सोडून देणं तसं सोपं असतं, फक्त त्यातून घरातलं कुणीच बदलत नाही. कागद भरला की दिसेल की आपला विचार प्रत्येक सणात एखाद्-दुसऱ्याच ठिकाणी पायदळी जातो. तेवढीच जागा धरायची. बाकीचं आरास, गोडधोड, नवे कपडे, पाहुणे, सगळं तसंच राहू द्यायचं. पहिल्या वर्षी तीनपेक्षा जास्त बदल हाती घेऊ नका. आठही सण एकदम सुधारायला निघालेल्यांचं आषाढापर्यंत घरात कुणाशी धड बोलणं उरत नाही.

आधी चूल आणि पगार

नवखे लोक सुरुवात मूर्तीपासून किंवा मंत्रापासून करतात. सुरुवात स्वयंपाकघरापासून करा, कारण तिथे कुणाच्या श्रद्धेला हात लागत नाही आणि तरी सगळ्यात मोठी विषमता तिथेच असते.

पुरणपोळीचंच घ्या. किलोभर हरभरा डाळ आणि किलोभर गूळ यात मध्यम आकाराच्या साधारण ३५ ते ४० पोळ्या होतात. एक पोळी लाटून भाजायला तीन-चार मिनिटं, म्हणजे नुसत्या तव्यासमोर सव्वादोन-अडीच तास उभं राहणं. त्याआधी डाळ शिजवणं, कट काढणं, पुरण आटवणं, वाटणं, कणीक तिंबणं. नंतर कटाची आमटी, भजी, आणि ओट्यावर साचलेला भांड्यांचा ढीग. हे सगळं एकीच्या अंगावर पडत असेल तर बाहेर समतेवर भाषण देण्यात अर्थ नाही.

कामाची वाटणी आदल्या रात्री नावानिशी करा. ‘मी मदत करतो’ असं म्हणणाऱ्याला काम सांगावं लागतं, म्हणजे डोकं परत तिचंच चालतं. पुरुषांनी पूर्ण एक काम घ्यावं, आणि पुरण हे त्यासाठी चांगलं. डाळ बोटाने सहज चेपली जाईल इतकी शिजवायची. चाळणीत किमान पंधरा मिनिटं निथळू द्यायची. कट नीट निघाला नाही तर पुरण सैल राहतं आणि पोळी लाटताना फुटते. गूळ घालून मध्यम आचेवर सतत ढवळत आटवायचं. पुरणात उलथनं उभं केलं आणि ते पडलं नाही, की झालं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं. गार झालं की हँडल फिरवताना खांदा भरून येतो, मग यंत्राला शिव्या बसतात. पहिल्या वर्षी लाटण्याचा हट्ट पुरुषांनी धरू नये. भाजणं, भांडी आणि ओटा घ्यावा.

दुसरी जागा कामाच्या मावशींची. दिवाळीला एका महिन्याचा पगार बोनस, ही बऱ्याच घरांत रूढ पद्धत आहे. तीच किमान धरा. काम धरून वर्ष झालं नसेल तर महिन्यांच्या हिशेबाने. पैसे धनत्रयोदशीच्या दिवशी देऊन उपयोग नाही, आठ-दहा दिवस आधी द्या. तिलाही बाजार करायचा असतो. जुनी साडी, उरलेला फराळ, मिठाईचा पुडा हे बोनसमध्ये मोजायचं नाही. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज या दोन दिवसांची पगारी सुट्टी आधीच सांगून टाका, म्हणजे तिला मागावी लागणार नाही. चार घरांची कामं करणाऱ्या बाईला एका घराने सुट्टी देऊन भागत नाही, म्हणून मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी बोलून एकच दिवस ठरवा. सोसायटीचा वॉचमन, सफाई कामगार, कचरागाडीवरची माणसं यांची वर्गणी वेगळी काढा, गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात ती ढकलू नका.

संक्रांतीचं हळदीकुंकू

संक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा काळ. अडचणीची जागा उघड आहे: नवरा असलेल्या बाईला मान, विधवा, घटस्फोटित, एकट्या बाईला आमंत्रणच नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. म्हणजे घरात कुणी ‘असं कुठे असतं का’ म्हटलं तर दाखवायला सरकारी कागद आहे. पण कागदाने हळदीकुंकू होत नाही, ते असं करावं:

१. आमंत्रणात ‘सुवासिनींना’ हा शब्द नको. ‘तिळगुळाला या, सगळ्याजणी या’ एवढंच लिहा.

२. ज्यांना इतकी वर्षं कुणी बोलावलं नाही त्यांना मेसेज पाठवून थांबू नका. घरी जा, निदान फोन करा. त्यात हेही विचारा: ‘काकू, आम्ही सगळ्यांनाच हळदीकुंकू लावणार आहोत. तुम्हाला चालेल का, की नुसतं तिळगूळ-वाण देऊ?’ हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्साहाच्या भरात वीसजणींसमोर एखादीच्या कपाळाला कुंकू लावून टाळ्या वाजवल्या तर तिच्यावर प्रकाशझोत पडतो. तिला तो नको असू शकतो. काहीजणींना कुंकू नकोच असतं, विचाराने किंवा सवयीने. तोही निर्णय त्यांचा.

३. तबक टेबलावर ठेवा, जिला हवं तिने स्वतः लावून घ्यावं. ओवाळण्याचा क्रम ठेवलात तर मग कोण पहिली, कोण शेवटची हे सुरू होतं. आणि विधवा बाई शेवटी राहते, हे हमखास.

४. वाण बोलावलेल्यांच्या संख्येपेक्षा दहा टक्के जास्त आणा. कमी पडलं तर कुणाला मिळालं नाही हे पुढच्या संक्रांतीपर्यंत लक्षात राहतं. प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या सगळ्यांकडे साचल्यात. कापडी पिशवी, रोपटं, खिशात मावणारं संविधान, लहान पुस्तक चालतं. पुस्तक दिलंत तर पातळ आणि मोठ्या टायपातलं द्या. तीनशे पानांचा वैचारिक ग्रंथ वाण म्हणून दिला की तो पुढच्या घरी वाण म्हणून जातो.

५. सासूबाई किंवा आई तयार नसतील तर त्यांचं हळदीकुंकू त्यांना करू द्या, तुमचं दुसऱ्या दिवशी करा. एका छताखाली दोन होऊ शकतात. दुसऱ्या वर्षी बहुधा एकच होतं, कारण दोनदा तिळाच्या वड्या कोण थापणार.

सोयीची तारीख हवी असेल तर ३ जानेवारी धरा. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, साताऱ्यातल्या नायगावचा. हा दिवस राज्यात बालिका दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी बायकांना बोलावलं तर ‘कोण सवाष्ण’ हा प्रश्न मुळातच येत नाही. ज्या घरांत कुंकवाचा विषय फार नाजूक आहे तिथे ही वाट मोकळी असते.

होळी: लहान करा, पोळी वाचवा

‘होळी लहान करा, पोळी दान करा’ ही मोहीम महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने गावोगाव नेली. सोपी वाटते, पण पहिल्याच वर्षी फसते ती पोळीमुळे, विचारामुळे नव्हे. म्हणून तपशील नीट वाचा.

आधी घेणारे शोधा, देणारे नंतर. होळीच्या चार दिवस आधी जवळची बांधकामाची वस्ती, वीटभट्टी, वसतिगृह किंवा आश्रमशाळा गाठा आणि माणसं मोजा. ‘संध्याकाळी साडेआठपर्यंत पोळ्या आणतो, चालेल का?’ असं तिथल्या मुकादमाला किंवा अधीक्षकांना विचारा. रात्री अकराला झोपलेल्या मुलांना उठवून पोळ्या वाटणाऱ्यांना पुढच्या वर्षी कुणी दारात उभं करत नाही.

पहिल्या वर्षी पाचातलं एक घर पोळ्या देईल असं धरून चाला, आणि घरामागे दोन. शंभर घरांची सोसायटी असेल तर चाळीस पोळ्या. तेवढ्यांचंच वचन द्या. जास्त आल्या तर दुसरं ठिकाण तयार ठेवा.

टेबल होळीच्या अगदी जवळ लावा, येणाऱ्याच्या वाटेत. कोपऱ्यात लावलेल्या टेबलावर पोळ्या येत नाहीत, त्या सवयीने आगीत जातात. टेबलामागे अनोळखी कार्यकर्ता नको. सगळ्यांना ओळखणाऱ्या इमारतीतल्या आजी बसवा. आजी म्हणाल्या ‘एक तुकडा होळीला दाखव आणि बाकी इथं ठेव’, की काम होतं. तो एक तुकडा अडवू नका. शंभर टक्के शुद्धतेचा आग्रह धरला तर चाळीस पोळ्याही हातच्या जातात.

साठवणीत चुका होतात त्या अशा. गरम पोळ्या एकावर एक रचल्या की वाफेने चिकटतात आणि मार्चच्या उकाड्यात लवकर आंबतात. परातीत पसरून गार होऊ द्या, मगच डब्यात. खाली-वर स्वच्छ सुती कापड. वर्तमानपत्र अजिबात नको, शाई तुपाला लागते. कटाची आमटी, दूध, भजी घेऊ नका. आमटी सगळ्यात आधी उतरते, आणि एकाला पोटदुखी झाली तरी मोहीम संपते. शिळ्या किंवा करपलेल्या पोळ्या कुणी आणल्या तर हसून घ्या, पण वेगळ्या ठेवा. जे आपल्या मुलाला वाढणार नाही ते वाटायचं नाही. आणि घेणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत. रिकाम्या टेबलाचा किंवा भरलेल्या डब्यांचा काढा हवा तर.

आगीसाठी पाच-सात गोवऱ्या आणि थोडं वाळकं लाकूड पुरतं. टायर, प्लास्टिक, जुनं फर्निचर (त्यावर सनमायका आणि रंग असतो) टाकू देऊ नका. शहरात झाड किंवा फांदी विनापरवाना तोडणं हा १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष कायद्याखाली गुन्हा आहे, आणि हे पोरांना आदल्या आठवड्यात सांगा, होळीच्या संध्याकाळी नको. तोवर फांदी आलेली असते. पालापाचोळाही जाळू नका. धूर फार होतो, आणि खतासाठी तो पुढे लागणारच आहे.

शिमग्याची बोंब मारायची तर मारा, पण त्यातल्या शिव्या ऐका एकदा: सगळ्या आईबहिणीवरून. पोरांना खड्डे, पाणी, टँकर यांच्या नावाने बोंब मारायला लावली तर ती जोरात मारतात.

रंगासाठी वाळलेली पळसाची फुलं मिळाली तर मूठभर फुलं दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी एक उकळी काढा, गाळा. पिवळट केशरी पाणी होतं. चिमूटभर खायचा चुना घातला की रंग लालसर चढतो. चिमूटभरच, चुना जास्त झाला तर डोळे झोंबतात.

गणपती

‘सणात राजकारण आणू नका’ हे वाक्य या दहा दिवसांत सगळ्यात जास्त ऐकू येतं. टिळकांनी १८९३-९४ च्या सुमारास घरातला गणपती चौकात आणण्याला पाठबळ दिलं ते लोक जमवण्यासाठी, म्हणजे राजकारणासाठीच. त्याच्या वीस वर्षं आधी, २४ सप्टेंबर १८७३ ला, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि भटजीविना धर्मविधी करता येतात हे दाखवलं. एवढं सांगून गप्प बसा. आरतीच्या वेळी इतिहासाचा तास घेऊ नये.

घरच्या गणपतीत प्रश्न मूर्तीचा. शाडूची आणली की आपण सुटलो असं अनेकांना वाटतं. शाडू मातीही गुजरातमधून ट्रकने येते, आणि तळ्यात गेली की तळाशी गाळ होऊन बसते. सगळ्यात कमी त्रासाचा मार्ग म्हणजे धातूची किंवा दगडाची कायमची मूर्ती, आणि विसर्जनाला सुपारी किंवा मातीचा छोटा गोळा. ते घरात पटत नसेल तर शाडूची, आठ-नऊ इंचांच्या आतली, तैलरंग न मारलेली. बादलीत ठेवा, रात्रभरात बहुतेक विरघळते. पाणी झाडांना घाला. माती फडक्यावर गाळून, वाळवून डब्यात ठेवा आणि पुढच्या वर्षी मूर्तिकाराला परत करा. पुण्यात अशी माती गोळा करून कारागिरांना देण्याचं काम चालतं.

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आलीच असेल तर नदीत न नेता घरी विरघळवता येते. पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत दिली आणि पुणे महापालिकेने त्यासाठी लागणारी पावडर वाटली. पायऱ्या अशा:

१. मूर्ती घरी आणताना, प्रतिष्ठेच्या आधीच, वाण्याच्या काट्यावर वजन करून घ्या. नंतर कुणी मूर्ती काट्यावर ठेवू देत नाही.

२. मूर्तीच्या वजनाइतकं अमोनियम बायकार्बोनेट आणा. दोन किलोची मूर्ती तर दोन किलो. दुकानात पूर्ण नाव सांगा. खायचा सोडा वेगळा, तो सोडियम बायकार्बोनेट, आणि त्यातलं सोडियम झाडांना चालत नाही. नवसागरही वेगळा. या तिन्हींत गल्लत होऊन दरवर्षी बादल्या तशाच पडून राहतात.

३. प्लास्टिकची मोठी बादली घ्या. दोन किलोसाठी किमान दहा-बारा लिटर, आणि मूर्ती पूर्ण बुडेल इतकं पाणी. पावडर आधी विरघळवा. अमोनियाचा वास नाकात जातो, म्हणून बादली गच्चीत किंवा गॅलरीत, मुलं-मांजरं पोचणार नाहीत अशी. झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो.

४. हार, दोरे, मुकुट, चमकी काढून मूर्ती ठेवा. दिवसा दर दोन-तीन तासांनी काठीने ढवळा. ४८ तासांत मूर्ती भुगा होऊन बसते. जाड रंगाचा थर असेल तर जास्त वेळ लागतो, कारण पाणी आत शिरत नाही. रंगाचे पापुद्रे वर आले की गाळून सुक्या कचऱ्यात टाका.

५. खाली बसलेला पांढरा साका म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूसारखा. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं, म्हणजे खतच, पण जहाल. एका लिटरला चाळीस-पन्नास लिटर साधं पाणी मिसळून झाडांना द्या. तसंच ओतलं तर तुळस दोन दिवसांत जळते आणि मग ‘देवाचा कोप’ ऐकावा लागतो.

आजी-आजोबांना बादली हे विसर्जन वाटत नाही, हे गृहीत धरा. बादलीला रांगोळी काढा, आरती करा, ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणा, खिरापत वाटा. विसर्जनाची मिरवणूक गच्चीपर्यंत काढली तरी चालते. बादली कुठे ठेवायची यावरच निम्मी घरं अडतात: संडास-बाथरूममध्ये मात्र कधीही नको. मोठ्या मूर्तींबाबतचे नियम न्यायालयाच्या आदेशांनी बदलत राहतात, म्हणून दरवर्षी महापालिकेचं परिपत्रक पाहून घ्या.

निर्माल्य: दोरा, टाचण्या, प्लास्टिकची फुलं आधी वेचा. मग निर्माल्याइतकाच सुका पालापाचोळा थराथराने घाला. नुसतं ओलं निर्माल्य सडून घाण वास मारतं. पाला जाळू नका म्हटलं होतं, तो इथे लागतो. दीड-दोन महिन्यांत खत होतं. थर्माकोलच्या मखरावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. जुन्या साड्या, पुठ्ठा आणि बांबू यांत आरास होते.

आरतीचं ताट रोज वेगळ्या हातात द्या: मुलगी, आत्या, कामाच्या मावशी, शेजारचा भाडेकरू. यावर वाद फार होत नाही, कारण दहा दिवसांत घरातल्या कर्त्या पुरुषालाही कंटाळा आलेला असतो.

मंडळात असाल तर तीन कागद आधी बघा. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. वीज आकडा टाकून नको, तात्पुरतं मीटर घ्या. तिसरा कागद पोलीस परवानगीचा, त्यात आवाजाच्या अटी असतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तीही आवाज कितीही वाढवण्याची नव्हे. ढोलताशा परंपरेचा म्हणून तो कानाला कमी लागतो असं नाही. डॉल्बीवर बोट दाखवताना पन्नास ढोलांचं पथकही मोजा.

वर्गणीची पावती फाडताना रक्कम मागणाऱ्याने लिहायची नाही, देणाऱ्याने सांगायची. आणि हिशेब विसर्जनानंतर पंधरा दिवसांत फलकावर लावा. वीज, मांडव, प्रसाद, शिल्लक, चार ओळी पुरतात. तुमच्या मंडळात हे एवढंच झालं तरी पुष्कळ.

उरलेले सण थोडक्यात

वटपौर्णिमा: फांदी तोडून घरी पुजणं बंद करा. झाडाला दोरा गुंडाळायचा तर सुती, नायलॉनचा नको, आणि दुसऱ्या दिवशी काढून टाका. सात जन्मांच्या वादात पडू नका, नवऱ्यालाही उपास धरायला सांगा.

नागपंचमी: साप दूध पीत नाही. गारुड्याला पैसे न देता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

दसरा: बाजारात ‘सोनं’ म्हणून येणारी पानं पुष्कळदा आपट्याची नसतात, कांचनाची असतात. दोन्हींची पानं जोडपानांसारखी दिसतात, कांचनाचं पान मोठं असतं. दोन्हीकडे झाड ओरबाडलेलं असतंच. एक पान द्या, जुडी नको. हाच दिवस पुष्कळ घरांत धम्मचक्र प्रवर्तनाचा असतो. १९५६ च्या विजयादशमीला, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञा (त्यांत हिंदू देवदेवतांची पूजा न करण्याच्याही आहेत) पाळणाऱ्या शेजाऱ्यांना प्रसादाचा आग्रह करू नका, नुसतं ‘जयभीम’ म्हणून खीर खायला जा.

दिवाळी: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानुसार फटाके फक्त हरित आणि दिवाळीत रात्री आठ ते दहा. मुलांना बंदी सांगण्यापेक्षा बजेट सांगा, आणि निम्म्या पैशांचा किल्ला करा. बलिप्रतिपदेला ओवाळताना ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो’ हे म्हणतो, ते मुलांना अर्थासकट सांगा: फुल्यांनी बळीराजाला शेतकऱ्याचा राजा म्हणून पुढे आणलं. भाऊबीजेला भावाने स्वयंपाक करावा. ओवाळणीच्या पाकिटापेक्षा हे बहिणींना जास्त लक्षात राहतं.

सरकारी सुट्टीपलीकडचे दिवस

नुसतं जुनं गाळत गेलात तर वर्ष रोडावतं, मुलांना त्यात काही उरत नाही. म्हणून दोन-तीन दिवस नवे धरा. २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका जेवणाआधी मोठ्याने वाचायची, घरातल्या सगळ्यात लहान वाचणाऱ्याने. १४ एप्रिलला सलग अठरा तास वाचन करण्याची प्रथा अनेक महाविद्यालयांत आणि वस्त्यांत आहे. घरात ते पाळीपाळीने तासाचं करा, अठरा तास एकट्याने बसणारा बाराव्या तासाला झोपतो. २५ डिसेंबरला, १९२७ च्या महाडच्या मनुस्मृती दहनाच्या आठवणीत, भारतीय स्त्री मुक्ती दिन पाळणाऱ्या कार्यक्रमांना मुलींना घेऊन जा.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणार असाल, किंवा गावातल्या पुतळ्यापाशी, तर हार-फुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ न्या. आणताना दोन गोष्टी पाहा. वह्या शंभर आणि दोनशे पानी अशा दोन्ही, आणि त्यात दुरेघी, चौरेघी, चौकटीच्याही हव्यात. सगळेजण एकेरी दोनशे पानीच आणतात आणि पहिली-दुसरीच्या पोरांना काहीच मिळत नाही. पेन निळे, साधे, टोपणाचे. संध्याकाळी दोघांनी बसून जमलेल्या वह्यांचे इयत्तेनुसार गठ्ठे करा, प्रत्येक गठ्ठ्यावर संख्येची चिठ्ठी लावा, आणि ज्या शाळेत द्यायचे तिथला पट आधी विचारून घ्या. पट ३८ असेल तर ४२ वह्या न्या. मधल्या आठवड्यात एखाद्-दुसरं नवं पोर दाखल झालेलं असतं.